घसरलात का?

संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी खिशातला मोबाइल थरथरला, तेव्हा सहादू भोयेच्या हातात नुकतीच पेटवलेली बिडी होती. त्याने ती ओठांत धरली, दोन्ही हात पँटला पुसले आणि मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून मेसेज वाचला. तसा तो पाठ झालेला होता, तरी वाचला. ‘सहादू काका, आज घसरलात का? हो असेल तर 1, नसेल तर 2 पाठवा.’

सहादूने दिवस आठवून पाहिला. सकाळी दोनदा तीन नंबरच्या चेंबरमध्ये जाणं झालं होतं, दुपारी क्रेट हलवताना एकदा, आणि आत्ता टेंपरेचर बघायला एकदा. पाय कुठेही सरकला नव्हता. त्याने अंगठ्याने जपून 2 दाबला, पाठवला, आणि समाधानाने बिडीचा लांब झुरका घेतला.

“रोज कोणाला चिठ्ठी लिहिता काका?” किशोरने विचारलं. किशोर म्हणजे कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर. सहा वाजले की त्याच्या हातात मोटरसायकलची किल्ली आलेली असायची.

“दवाखान्यातनं इचारतात. पायाचं.”

“रोज?”

“रोज. एक दिस चुकलं नाय अजून.”

“नशीबवान हाय तुम्ही. आमच्या घरी मी लंगडत गेलो तरी आधी इचारतील, दूध आणलं का.” किशोर हसला, किक मारली आणि हायवेच्या दिशेने गेला. मागे कंप्रेसरचा आवाज आणि सहादू, एवढंच उरलं.

बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून द्राक्षं खुडायला आलेल्या टोळीबरोबर सहादू पिंपळगाव बसवंतला आला. हंगाम संपल्यावर टोळी परत गेली आणि हा राहिला, कारण मालकाला कंप्रेसरशेजारी झोपेल असा माणूस हवा होता. सहादू झोपायचाही आणि मशीनचा आवाज जरा बदलला की उठायचाही. हळूहळू ऑपरेटर झाला. बायको चांगुणा पाड्यावर भात-नागलीच्या तुकड्याशी राहिली, वर्षातून दोनदा भेटत राहिली आणि चार वर्षांपूर्वी वारली. मुलगा सुनील वापीला कंपनीत. सहादूने फोन केला की तो पहिलं वाक्य म्हणायचा, “काय काम व्हतं का, बा?” काम काहीच नसायचं. मग सहादू तिकडे पाऊस आहे का, असं काहीतरी विचारून फोन ठेवायचा.

डिसेंबरात तो चेंबरमध्ये खरोखरच घसरला होता. वर पंख्याजवळच्या, हवा थंड करणाऱ्या कॉइलवरून पाणी ठिबकतं आणि फरशीवर त्याचा पातळ बर्फ धरतो; दिसत काही नाही, पाय पडला की कळतं. गुडघ्यावर आपटला आणि पाव तास तसाच पडून राहिला. हाक मारून उपयोग नव्हता, दार वीतभर जाडीचं. शेवटी क्रेटला धरून स्वतःच उठला. दुसऱ्या दिवशी त्याला लंगडताना सगळ्यांनी पाहिलं. पण द्राक्षं भरायचं पॅकहाउस नव्या हंगामासाठी धुवायला काढलं होतं, सगळे घाईत होते, आणि काय झालं हे विचारायचं राहूनच गेलं.

जानेवारीत मार्केट यार्डात आरोग्य शिबिर झालं. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, लावायला मलम लिहून दिलं आणि म्हणाले, “जपून चाला. पुन्हा घसरू नका.” शेजारच्या टेबलावर एका संस्थेची मुलगी मोबाइल घेऊन बसली होती. तिने विचारलं, बिडी ओढता का? सहादू म्हणाला, हो. सोडायची का? सहादू म्हणाला, सोडू की. शिकलेल्या माणसाने असं विचारलं तर दुसरं काय म्हणायचं असतं? तिने नंबर घेतला. नाव विचारलं तेवढ्यात बाहेरून कोणीतरी ओरडलं, “सहादू काका, चला लवकर, टेम्पो निघाला.” मुलीने तेच नाव टाइप केलं. आणि त्याच दिवशी संध्याकाळी पहिला मेसेज आला.

आता घोळ कुठे झाला ते कोणाच्याही लक्षात येईल, पण सहादूच्या येणं शक्य नव्हतं. त्याचा मोबाइल बटणांचा आणि म्हातारा. त्याला जोडाक्षरं दिसत नसत. जिथे जोडाक्षर, तिथे एक रिकामा चौकोन. संस्थेचे सकाळचे मेसेज मोठे शुद्ध भाषेतले असत. त्यांत बिडीला बिडी म्हटलेलं नसे. धूम्रपान, व्यसनमुक्ती, आरोग्य, संकल्प असे भारी भारी शब्द असत, आणि ते सगळे चौकोनांत जात. रिचार्जवाल्यांचे मेसेज असतात तसलेच हे, असं समजून सहादू ते पुसून टाकी. संध्याकाळच्या मेसेजात मात्र एकही जोडाक्षर नव्हतं. चौथी शिकलेल्या माणसाला तो अख्खा वाचता येत होता. डॉक्टर म्हणाले होते पुन्हा घसरू नका, आणि आता ते रोज विचारत होते, घसरलात का.

सहादूला त्याचं फार वाटलं. इतकं की त्याने कॉइलखाली ठिबकतं तिथे गोणपाट टाकलं आणि रोज सकाळी ते बदलायला लागला. चेंबरमध्ये भिंतीच्या कडेने चालायला लागला. संध्याकाळी कोणाला तरी ‘नाही’ सांगायचं आहे, तर ते खरं असलं पाहिजे ना. सहा वाजायच्या आत तो हातपाय धुऊन कंप्रेसर-रूमबाहेरच्या उलट्या क्रेटवर येऊन बसायचा, बिडी पेटवायचा आणि वाट बघायचा. दिवसातला तेवढा एक क्षण त्याचा स्वतःचा होता.

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी फोन वाजला. कंप्रेसर जोरात चालू होता.

“सहादू काका ना? मी राखी बोलतेय, शिबिरात भेटलो होतो बघा. काका, नव्वद दिवसांत तुम्ही एकदाही घसरला नाहीत. आमच्या यादीत असे फक्त अकरा जण आहेत…” पुढचे चार शब्द कंप्रेसरने खाल्ले. “…म्हणून रविवारी नाशिकला तुमचा सत्कार ठेवलाय. पंचवटीत. याल ना?”

“सत्कार? माझा?”

“तुमचाच.”

किशोरला सुट्टी मागितली तेव्हा त्याने विचारलं, “कशाचा सत्कार?”

“न घसरल्याचा.”

किशोर हसायला लागला. सहादूने त्याला नीट समजावून सांगितलं, “एष्टीत नाय का, इनाअपघात गाडी चालवली की डायव्हरला बिल्ला देत्यात? तसंच हे.” किशोरचं हसू थांबलं. तसं बघायला गेलं तर त्यात चूक काही नव्हती. सरकारी कामात काय निघेल याचा नेम नाही, असं म्हणून त्याने सुट्टी दिली.

त्या दिवशी सहादूने वापीला फोन लावला.

“काय काम व्हतं का, बा?”

“सत्कार हाय माझा. नाशकाला. रईवारी.”

“बरं बरं. बा, मी मशीनवर हाय. मंग करतो फोन.” सहादूने शनिवारपर्यंत मोबाइल चार्ज करून ठेवला. फोन आला नाही.

रविवारी पांढरा सदरा घालून तो एसटीने निघाला आणि नाशिकात निमाणीच्या स्टँडवर उतरला. कुंभमेळ्याच्या कामासाठी सगळा रस्ता खणून ठेवलेला होता. फळ्यांवरून, खड्डे चुकवत, तो फारच जपून चालला. आज घसरणं बरं दिसलं नसतं. सभागृहात त्याला पहिल्या रांगेत बसवलं, छातीला कागदी बिल्ला लावला. एसटीसारखाच बिल्ला आहे हे पाहून सहादूला बरं वाटलं.

पहिला माणूस बोलायला उठला. बँकेतून निवृत्त झालेला, सफारी घातलेला. “चाळीस वर्षं मी सिगारेट ओढत होतो,” तो म्हणाला, “या नव्वद दिवसांत एकदाही घसरलो नाही.” टाळ्या झाल्या. दुसरा उठला. त्याने दिवसाला तीन बंडल बिड्या ओढत होतो असं सांगितलं, आणि आता एकदाही घसरलो नाही असंही सांगितलं. सहादूने मान वर करून मागचा फलक अक्षर अक्षर लावत वाचला. इथे चौकोन नव्हते, जोडाक्षरं धडधडीत दिसत होती. धूम्रपान. त्याच्या पायाखालची फरशी सपाट होती, कोरडी होती, तरी चेंबरमध्ये पाय सरकला होता तसं त्याला झालं. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात बिड्यांचं बंडल होतं आणि पातळ कापडातून त्याचा गुलाबी कागद दिसत होता.

उठून निघून जावं असं त्याला वाटलं, पण तेवढ्यात नाव पुकारलं. अंगावर शाल आली, हातात गुलाब आला, समोर माइक आला. सहादू जन्मात माइकसमोर उभा राहिला नव्हता.

“मी बिडी सोडलेली नाय,” तो म्हणाला.

मागे कोणीतरी हसलं.

“आज सकाळी पन दोन वढल्या. मला समजलं नाय. मी बरफाच्या चेंबरला काम करतो. मला वाटलं, पाय घसरला का म्हनून इचारतात. तर पाय नाय घसरला. नव्वद दिस खरंच नाय घसरला. म्या खोटं नाय लिव्हलं.”

आता सगळं सभागृह हसत होतं. दुष्टपणाने नाही, पण हसत होतं. व्यासपीठावरचे एक डॉक्टर म्हणाले, “काका, पाय जपलात तेही काही कमी नाही,” आणि हशा आणखी वाढला. सहादू हसला नाही. त्याने शाल अंगावरून काढली, चार घड्या घालून टेबलावर ठेवली, वर गुलाब ठेवला आणि पायऱ्या एकेक करत उतरला.

बाहेर चहाच्या पातेल्यापाशी राखीने त्याला गाठलं. पंचवीस-सव्वीसची, खांद्याला पिशवी. तिने त्याच्या हातात चहा दिला.

“माझीच चूक आहे काका. तो शब्द मीच घातला होता. सोडलेली बिडी पुन्हा ओढली की आम्ही त्याला घसरणं म्हणतो.”

“तुमची कसली चूक, ताई.” सहादूने चहा फुंकला. “रोज सहाला तुम्हीच पाठवत व्हत्या ना?”

“नाही हो. ते आपोआप जातं. साडेचार हजार लोकांना एकदम.”

“साडेचार हजार?”

“हो.”

सहादू मशीनवरचा माणूस. आपोआप म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं नाही. “मंग म्या लिव्हलेलं कोन वाचायचं?”

“कॉम्प्युटर. दोन आला तर तो नोंद करून घेतो. एक आला तर माझ्याकडे पाठवतो, मग मी फोन करते.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “तुम्ही कधी एक दाबलाच नाही.”

नव्वद दिवस गोणपाट बदललं होतं, भिंतीला धरून चालला होता. एखाद्या दिवशी पडला असता तर हिचा फोन आला असता. हे आधी कळलं असतं तरी तो मुद्दाम पडला नसता म्हणा, पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

“आता मेसेज बंद का?”

“नव्वद दिवस संपले ना. पण पुन्हा नाव घालता येतं. फक्त या वेळी बिडी खरंच सोडायची, काका.”

“घाला नाव,” सहादू म्हणाला.

तिने नाव घातलं. मग पिशवीतून वही काढून काहीतरी लिहिलं. “तो शब्दही बदलायला सांगते. तुमच्यासारखा आणखी कोणाचा घोळ व्हायला नको. आठ-पंधरा दिवस लागतील, वरून मंजुरी येते.”

राहू द्या, असं सहादूच्या ओठांवर आलं होतं. त्याला तो शब्द हवा होता. पण ती चूक दुरुस्त करत होती, शिकलेली होती, आणि चुकीचाच शब्द राहू द्या असं तिला कोणत्या तोंडाने सांगायचं ते त्याला सुचलं नाही. त्याने कप खाली ठेवला आणि “बरं” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सहाला मेसेज आला. आता त्याचा अर्थ माहीत होता. दिवसभरात नऊ बिड्या झाल्या होत्या. सहादूने 1 दाबला आणि दहा मिनिटांत फोन वाजला.

“काका, किती?”

“नऊ.”

“खरं सांगितलंत, छान. उद्या सात करू. जेवलात का?”

“आता टाकतो भाकर.”

हा जेवणाचा प्रश्न तिच्या कागदावर नसावा असं सहादूला वाटलं. पुढच्या दिवशी त्याने सातच ओढल्या, तिला सांगायला बरं पडावं म्हणून. मग पाच, मग तीन. एकदा तिने गावचं विचारलं आणि चांगुणाचं नाव त्याच्या तोंडून निघालं. चार वर्षांत ते नाव त्याने मोठ्याने घेतलं नव्हतं. नवव्या दिवशी एकही बिडी झाली नाही. छाती मोकळी वाटत होती, आणि तिला हे सांगायचं म्हणून सहादू पाच वाजल्यापासून क्रेटवर येऊन बसला. मेसेज आला. त्याने 2 दाबला.

चौकोनाचौकोनांचा एक शाबासकीचा मेसेज आला. फोन आला नाही.

दहाव्या दिवशीही आला नाही. अकराव्या दिवशीही नाही. बरोबरच होतं, तिला ज्यांनी 1 दाबला त्यांना फोन करायचे होते. सहादूला ते पटत होतं. आपण होऊन तिला फोन करावा असंही त्याच्या मनात आलं. पण तिने “काय काम होतं का, काका?” असं विचारलं तर, म्हणून त्याने केला नाही. खिशातल्या बंडलावर दोनदा हात गेला. एक ओढली की 1 होतो, आणि 1 झाला की फोन वाजतो, इतकं सोपं होतं. तिसऱ्यांदा हात गेला तेव्हा त्याने बंडल हौदात भिजवून कचऱ्यात टाकलं.

मे लागला, हंगाम संपला. पॅकहाउसमधल्या बाया आपापल्या गावी गेल्या. चेंबरमध्ये आता बेदाण्याची खोकी लागली. किशोरही एक दिवसाआड यायला लागला. आणि अशाच एका दुपारी, गोणपाट बदलायला वाकला असताना, सहादूचा पाय गेला.

या वेळी कमरेवर आपटला. कोपर सोललं. पाच-सात मिनिटं तो फरशीवर पडून वरच्या पंख्याकडे पाहत राहिला. थंडी कपड्यांतून आत येत होती. आणि हसू येईल अशी गोष्ट, पण त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आज 1 दाबता येईल. खोटं होणार नाही. बिडी ओढलेली नाही, पण घसरलो तर आहे, चांगलाच घसरलोय. विचारतात तेच सांगायचं. मग तिचा फोन येईल, मग तिला सगळं सांगू, तीही हसेल. या विचारावर तो खोक्यांना धरून उठला आणि भिंतीच्या आधाराने बाहेर आला.

कोपराला हळद लावली. पाच वाजताच तोंड धुतलं. क्रेटवर नीट बसवेना म्हणून एका बाजूला कलून बसला आणि मोबाइल मांडीवर ठेवला.

सहा वाजून पाच मिनिटांनी तो थरथरला.

‘सहादू काका, आज बिडी ओढलीत का? हो असेल तर 1, नसेल तर 2 पाठवा.’

एकही चौकोन नव्हता. सगळं स्वच्छ दिसत होतं. त्याने दोनदा वाचलं, मग मेसेजांत मागे जाऊन कालचा पाहिला. काल ‘घसरलात’ होतं.

मग सहादूने कधी नव्हे ते केलं. बटणं एकेक शोधत, चुकलेलं पुसत, त्याने उत्तर लिहिलं, ‘पाय घसरला आज’, आणि पाठवलं. उत्तर लगेच आलं. पहिल्या शब्दात ‘उ’ आणि ‘र’च्या मधोमध चौकोन होता, दुसरा मात्र पूर्ण वाचता येत होता. ‘चुकीचे’. पुढे 1 किंवा 2 पाठवा असं होतं.

अंगठा बराच वेळ 1 वर राहिला. राखीचा आवाज, जेवलात का, सगळं त्या एका बटणापलीकडे होतं. हायवेवरून कांद्याचे दोन टेम्पो गेले. आत कंप्रेसर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

सहादूने 2 दाबला.

मग कमरेला हात देऊन उठला. साडेसहाचं टेंपरेचर बघायचं होतं. चेंबरचं दार ओढून तो आत गेला आणि भिंतीच्या कडेने, एक हात भिंतीवर ठेवून, हळूहळू चालत राहिला.